हेन्री कॅप्लन

हेन्री सीमोर कॅप्लन (२४ एप्रिल १९१८ – ४ फेब्रुवारी १९८४) हे अमेरिकी प्रारणचिकित्सक आणि कर्करोग-संशोधक होते. लसीका ग्रंथींच्या हॉजकिन रोगावर प्रारणोपचाराची परिणामकारक पद्धत विकसित करण्यासाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात. एकेकाळी असाध्य मानला जाणारा हा रोग बरा होऊ शकतो, हे सिद्ध करणाऱ्या वैद्यकांमध्ये त्यांचे स्थान अग्रभागी आहे. अमेरिकेत वैद्यकीय उपचारांसाठी रेषीय वेगवर्धक वापरण्याचा आरंभही त्यांच्या पुढाकाराने झाला. प्रारणामुळे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेवर, विशेषतः टी पेशींवर, होणाऱ्या दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्या अभ्यासातून अवयवरोपण आणि स्वयंप्रतिकार रोगांच्या उपचारांची एक नवी दिशा पुढे आली.

बालपण आणि शिक्षण

कॅप्लन यांचा जन्म शिकागो येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील दंतवैद्य होते. कॅप्लन किशोरवयात असतानाच फुप्फुसाच्या कर्करोगाने वडिलांचा मृत्यू झाला. शिकागो विद्यापीठातून १९३८ साली पदवी घेतल्यानंतर त्यांनी रश मेडिकल कॉलेजातून १९४० साली वैद्यकशास्त्राची पदवी मिळवली. त्यानंतर शिकागोतील मायकेल रीझ रुग्णालयात आणि मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी क्ष-किरणशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. काही काळ येल विद्यापीठात अध्यापन केल्यावर ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत संशोधनासाठी दाखल झाले.

त्या काळी रुग्णालयांतील क्ष-किरण विभागाचे मुख्य काम रोगनिदानाचे असे. प्रारणाने उपचार करणे हे त्याच विभागाचे दुय्यम काम मानले जाई आणि प्रयोगशाळेतील मूलभूत संशोधनाशी त्याचा फारसा संबंध नसे. रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्यातील ही दरी दूर करणे हे कॅप्लन यांच्या पुढील आयुष्याचे एक प्रमुख सूत्र ठरले.

उंदरांवरील प्रयोग आणि यौवनलोपी ग्रंथी

कॅप्लन यांचे आरंभीचे महत्त्वाचे संशोधन सी५७ ब्लॅक या जातीच्या काळ्या उंदरांवर झाले. या उंदरांच्या सर्व शरीरावर ठरावीक अंतराने क्ष-किरणांच्या मात्रा दिल्या, तर काही महिन्यांनी त्यांच्यापैकी अनेकांच्या छातीतील यौवनलोपी ग्रंथीत लसीका पेशींचा कर्करोग उद्भवतो. प्रारणाने ग्रंथीतील पेशींना थेट इजा होते व त्यांतूनच कर्करोग निर्माण होतो, असे सरळ स्पष्टीकरण यावर देता आले असते. कॅप्लन यांनी ते टप्प्याटप्प्याने तपासले.

उंदरांची यौवनलोपी ग्रंथी आधीच काढून टाकली, तर प्रारण देऊनही हा कर्करोग होत नाही, असे त्यांना आढळले. पुढे असेही दिसले की, प्रारण देताना मांडीचा भाग शिशाच्या आच्छादनाने झाकून तेथील अस्थिमज्जा वाचवली, तर कर्करोगाचे प्रमाण बरेच घटते. सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष तिसऱ्या प्रयोगाचा होता. ग्रंथी काढलेल्या उंदरांना प्रारण देऊन नंतर त्यांच्या शरीरात प्रारण न मिळालेली निरोगी ग्रंथी बसवली, तरी त्या नव्या ग्रंथीत कर्करोग उत्पन्न झाला. म्हणजे प्रारणाचा परिणाम केवळ किरण पडलेल्या पेशीपुरता नसून संपूर्ण शरीराच्या अवस्थेवर होतो, हे स्पष्ट झाले. १९५९ साली कॅप्लन आणि मिरियम लीबरमन यांनी अशा कर्करोगांपासून काढलेल्या, पेशी गाळून वेगळ्या केलेल्या अर्कानेही इतर उंदरांत ल्युकेमिया उद्भवू शकतो, हे दाखवले. त्यातून पुढे या उंदरांतील ल्युकेमिया विषाणूचा अभ्यास सुरू झाला.

यातील आरंभीचे प्रयोग झाले तेव्हा यौवनलोपी ग्रंथीचे कार्य कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. प्रतिकारयंत्रणेच्या जडणघडणीसाठी ती आवश्यक आहे, हे जॅक मिलर यांनी १९६१ साली दाखवले. या ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या पेशींना पुढे टी पेशी हे नाव मिळाले. कॅप्लन यांच्या उत्तरायुष्यातील संशोधनाचा मुख्य विषय याच पेशी होत्या.

स्टॅनफर्ड आणि रेषीय वेगवर्धक

१९४८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, कॅप्लन स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्ष-किरणशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. स्टॅनफर्डचे वैद्यकीय विद्यालय तेव्हा सॅन फ्रान्सिस्को शहरात होते, तर विद्यापीठाचे विज्ञान विभाग दूर असलेल्या मुख्य परिसरात होते. वैद्यक आणि विज्ञान एकाच ठिकाणी असावेत, यासाठी आग्रह धरणाऱ्या प्राध्यापकांमध्ये कॅप्लन होते. १९५९ साली विद्यालय मुख्य परिसरात आले.

त्या सुमारास प्रारणोपचारासाठी वापरात असलेल्या सामान्य क्ष-किरण यंत्रांची ऊर्जा कमी असे. किरणांचा मोठा भाग त्वचेतच शोषला जाई. खोलवरच्या गाठीपर्यंत पुरेशी मात्रा पोहोचवायची, तर त्वचा भाजून निघे. स्टॅनफर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ सूक्ष्मतरंगांच्या साह्याने इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देणारी यंत्रे बनवत होते. असे इलेक्ट्रॉन धातूच्या लक्ष्यावर आदळले की उच्च ऊर्जेचे क्ष-किरण निघतात. हे किरण त्वचेला तुलनेने कमी इजा करून शरीरात खोलवर जातात आणि त्यांच्या झोताच्या कडा स्पष्ट ठेवता येतात. कॅप्लन यांनी एडवर्ड गिन्झ्टन या भौतिकशास्त्रज्ञाच्या सहकार्याने रुग्णालयासाठी ६० लाख व्होल्ट क्षमतेचा रेषीय वेगवर्धक तयार करवून घेतला. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५३ साली अशा यंत्राने उपचार सुरू झाले होते. पश्चिम गोलार्धातील असा पहिला उपचार स्टॅनफर्ड येथे १९५६ साली झाला.

आरंभीच्या रुग्णांपैकी एक दोन वर्षांचा मुलगा होता. डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे त्याचा एक डोळा काढावा लागला होता आणि दुसऱ्या डोळ्यातही रोग दिसू लागला होता. नव्या यंत्राचा अरुंद झोत वापरून त्या डोळ्यावर उपचार करण्यात आले. मुलाचा डोळा वाचला आणि दृष्टीही टिकली.

हॉजकिन रोगावरील उपचार

इंग्रज वैद्य टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वर्णन केलेला हा रोग लसीका ग्रंथींमध्ये सुरू होतो आणि बहुधा तरुण वयातील व्यक्तींना ग्रासतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य वैद्यक त्याला असाध्य मानत. सुजलेल्या गाठीवर थोडे प्रारण देऊन तात्पुरता आराम देणे एवढाच उपचाराचा हेतू असे. जिनिव्हातील रेने गिल्बेर आणि टोरांटोतील व्हेरा पीटर्स यांनी मात्र गाठींच्या लगतच्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या ग्रंथींवरही प्रारण दिल्यास रुग्ण दीर्घकाळ जगतात, असे दाखवले होते.

कॅप्लन यांनी हा विचार पुढे नेला. हा रोग एका ग्रंथीसमूहातून लगतच्या समूहात क्रमाने पसरतो, असे त्यांच्या निरीक्षणातून दिसून आले. म्हणून मान, काखा आणि छातीचा मध्यभाग यांतील सर्व ग्रंथींना एकाच विस्तृत क्षेत्रात घेऊन सुमारे ४,००० ते ४,४०० रॅड, म्हणजे आजच्या मापात ४० ते ४४ ग्रे, इतकी मात्रा देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. खांद्यावरील कंचुकासारख्या आकारामुळे हे क्षेत्र मँटल या नावाने ओळखले जाऊ लागले. गरजेप्रमाणे पोटातील ग्रंथी आणि प्लीहा यांवरही प्रारण दिले जाई. फुप्फुसे व अन्य अवयव वाचवण्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या शरीराच्या मापाने शिशाचे ठोकळे तयार केले जात.

कॅप्लन आणि कर्करोगतज्ज्ञ सॉल रोझेनबर्ग यांनी १९६२ सालापासून रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून उपचारपद्धतींची तुलना सुरू केली. एखादा ख्यातनाम वैद्य सांगतो म्हणून उपचार स्वीकारण्याची प्रथा असलेल्या काळात ही शिस्त नवी होती. रोग शरीरात नेमका कोठवर पोहोचला आहे, हे ठरवण्यासाठी त्यांच्या गटाने शस्त्रक्रियेने पोट उघडून तपासणी करण्याची आणि प्लीहा काढण्याची पद्धतही अवलंबली. रोगाच्या अवस्थांचे १९७१ साली ॲन आर्बर येथे ठरलेले वर्गीकरण करणाऱ्यांमध्ये कॅप्लन होते. हॉजकिन रोगावरील त्यांचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १९८० साली निघाली. तोपर्यंत आरंभीच्या अवस्थेतील बहुसंख्य रुग्ण बरे होऊ लागले होते. प्रगत अवस्थेतील रुग्णांसाठी औषधांच्या संयुक्त उपचारांचीही याच काळात मोठी मदत झाली.

प्रारण आणि साहाय्यक टी पेशी

हॉजकिन रोगाने पीडित व्यक्तींची प्रतिकारशक्ती उपचारांपूर्वीच काही अंशी दुबळी असते. क्षयरोगाच्या त्वचाचाचणीला अशा अनेक रुग्णांची त्वचा प्रतिसाद देत नाही, हे पूर्वीपासून ठाऊक होते. त्यात लसीका ग्रंथींच्या जवळजवळ सर्व क्षेत्रांवर प्रारण दिल्यास काय होते, हा प्रश्न कॅप्लन यांच्यासमोर होता. रुग्ण बरे होऊन वर्षानुवर्षे जगू लागले, म्हणूनच तो प्रश्न विचारणे शक्य आणि आवश्यक झाले होते.

लसीका पेशी प्रारणाबाबत विलक्षण संवेदनशील असतात. शरीरातील बहुतेक पेशी प्रारणाने घायाळ झाल्या, तरी विभाजनाची वेळ येईपर्यंत तग धरतात. विश्रांत अवस्थेतील लसीका पेशी मात्र विभाजनाची वाट न पाहता, एक-दोन ग्रे मात्रेनंतरही, काही तासांतच नियोजित मृत्यूच्या मार्गाने नष्ट होऊ लागतात. शिवाय या पेशी रक्तातून सतत फिरत असतात. त्यामुळे अनेक आठवडे रोज थोडे थोडे प्रारण दिले जात असताना किरणांच्या क्षेत्रातून मोठ्या संख्येने पेशी जातात आणि त्यांचा ऱ्हास होत राहतो.

झ्वी फुक्स, सॅम्युएल स्ट्रोबर, कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचार घेतलेल्या रुग्णांच्या रक्तातील टी आणि बी पेशींची मोजणी केली. बी पेशींची संख्या कालांतराने पूर्ववत होते, किंबहुना वाढते. टी पेशींची संख्या मात्र उपचार संपून कित्येक वर्षे उलटली तरी कमीच राहते, असे त्यांना दिसले. परक्या पेशी ओळखून प्रतिसाद देण्याची टी पेशींची क्षमताही दीर्घकाळ मंदावलेली आढळली.

या फरकाचे कारण दोन्ही पेशींच्या उगमात शोधता येते. बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि प्रारणक्षेत्राबाहेर राहिलेली मज्जा त्यांचा पुरवठा पुन्हा सुरू करते. टी पेशींना यौवनलोपी ग्रंथीतून जावे लागते. ही ग्रंथी छातीच्या मध्यभागी, मँटल क्षेत्राच्या ऐन मध्यात येते आणि प्रौढ वयात ती तशीही आकसलेली असते. त्यामुळे नव्या टी पेशींचा ओघ क्षीण राहतो.

टी पेशींचे अनेक प्रकार असतात. त्यांपैकी साहाय्यक टी पेशी स्वतः जंतूंना मारत नाहीत. प्रतिजनाची ओळख पटल्यावर त्या रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशांमुळे बी पेशी प्रभावी प्रतिपिंडे बनवतात, मारक टी पेशी वाढतात आणि भक्षक पेशी गिळलेल्या जंतूंचा अधिक जोमाने नाश करतात. म्हणून साहाय्यक पेशी घटल्या की प्रतिकारयंत्रणेच्या अनेक शाखा एकाच वेळी दुर्बळ होतात. एकपेशीय प्रतिपिंडांच्या साह्याने टी पेशींचे उपप्रकार मोजणे १९७० च्या दशकाच्या अखेरीस शक्य झाले. तेव्हा लसीका क्षेत्रांवर प्रारण दिलेल्या रुग्णांत सीडी४ खुणेच्या साहाय्यक पेशी विशेष घटतात आणि सीडी८ खुणेच्या पेशींशी असलेले त्यांचे प्रमाण उलटे होते, असे दिसून आले. सीडी८ पेशी ग्रंथीबाहेर विभाजन पावून आपली संख्या लवकर भरून काढतात. साहाय्यक पेशींना तेवढ्या वेगाने ते साधत नाही.

सर्व साहाय्यक पेशींवर प्रारणाचा परिणाम सारखा होत नाही. प्रतिजनाशी पूर्वी गाठ पडलेल्या, स्मृती जपणाऱ्या साहाय्यक पेशी अननुभवी पेशींपेक्षा प्रारण अधिक सहन करतात. आधी लसीकरण केलेल्या प्राण्यांच्या पेशींना प्रयोगशाळेत प्रारण दिल्यावरही त्या बी पेशींना काही काळ साहाय्य करू शकतात, कारण संदेश देण्यासाठी पेशीने विभाजित होणे अपरिहार्य नसते. लहानपणी झालेल्या संसर्गांविरुद्धची प्रतिकारशक्ती टिकून असताना नव्या संसर्गाला उत्तर देणे जड जाते, याचा एक धागा या फरकापर्यंत पोहोचतो.

रुग्णांसाठी या घटीचे परिणाम प्रत्यक्ष होते. प्रारणोपचारानंतर नागिणीचे प्रमाण वाढलेले आढळे. प्लीहा काढलेल्या रुग्णांना न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंच्या गंभीर संसर्गाचा धोका असे. मात्र टी पेशी वर्षानुवर्षे कमी असूनही बहुतेक रुग्ण सामान्य आयुष्य जगत होते, हेही तितकेच खरे होते. या निरीक्षणातून पुढील संशोधनाचा आरंभ झाला.

दुष्परिणामातून उपचाराकडे

टी पेशींची दीर्घकालीन घट माणूस सहन करू शकत असेल, तर जेथे टी पेशीच रोगाचे कारण असतात तेथे ती जाणीवपूर्वक घडवून आणता येईल का, असा प्रश्न स्टॅनफर्डच्या गटाने हाती घेतला. शिमॉन स्लाविन, स्ट्रोबर, फुक्स आणि कॅप्लन यांनी १९७७ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कवटी, फुप्फुसे आणि पाय झाकून प्रौढ उंदरांच्या लसीका ग्रंथी, प्लीहा आणि यौवनलोपी ग्रंथी यांवर दर वेळी २०० रॅड याप्रमाणे १७ वेळा, एकूण ३,४०० रॅड प्रारण देण्यात आले. त्यानंतर दुसऱ्या जातीच्या उंदरांची अस्थिमज्जा त्यांना दिली असता ती रुजली. त्याच दात्याच्या जातीची त्वचाही त्यांनी दीर्घकाळ स्वीकारली. तिसऱ्या जातीची त्वचा मात्र नाकारली गेली, म्हणजे प्रतिकारशक्ती सरसकट नष्ट झाली नव्हती. दात्याच्या पेशींनी यजमानाच्या शरीरावर हल्ला करण्याची अवस्था, जी एरवी अशा रोपणात प्राणघातक ठरते, तीही टळली.

या पद्धतीला संपूर्ण लसीका प्रारण असे नाव मिळाले. स्टॅनफर्ड येथे मूत्रपिंडरोपणाच्या काही रुग्णांत ती वापरण्यात आली. औषधांना दाद न देणाऱ्या रुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांवरील उपचारांचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. सांध्यांची सूज आणि वेदना कमी झाल्या आणि रक्तातील साहाय्यक टी पेशी लक्षणीय प्रमाणात घटल्याचे आढळले. स्वयंप्रतिकार रोगांत साहाय्यक पेशींचा वाटा असतो, या कल्पनेला त्यामुळे मनुष्याच्या शरीरातून आधार मिळाला. प्रारणाचे धोके आणि नवी औषधे यांमुळे संधिवातासाठी ही पद्धत रूढ झाली नाही. कॅप्लन यांच्या मृत्यूनंतर स्ट्रोबर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली उंदरांत असे दाखवले की, या प्रारणानंतर साहाय्यक पेशींपैकी दाहकारक संदेश देणारा पहिला प्रकार विशेष घटतो, तर दुसरा प्रकार बराच शाबूत राहतो.

सन्मान, स्वभाव आणि अखेर

कॅप्लन यांना १९६९ साली शांततेसाठी अणू हा पुरस्कार मिळाला. १९७२ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी विभागप्रमुखपद सोडले आणि ते कर्करोगजीवशास्त्राच्या संशोधनाकडे पूर्णवेळ वळले. १९७९ साली जनरल मोटर्स कर्करोग संशोधन प्रतिष्ठानचा केटरिंग पुरस्कार त्यांना देण्यात आला.

सहकारी आणि विद्यार्थी यांच्याकडून ते अत्यंत काटेकोर कामाची अपेक्षा ठेवत. त्यांच्या आग्रही आणि वादप्रिय स्वभावामुळे अनेकांना त्यांचा धाक वाटे. रुग्णांशी मात्र ते आस्थेने वागत. शार्लट जेकब्स या कर्करोगतज्ज्ञ लेखिकेने लिहिलेले त्यांचे चरित्र २०१० साली प्रसिद्ध झाले.

वडिलांचा बळी घेणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगानेच ४ फेब्रुवारी १९८४ रोजी कॅप्लन यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांचे वय ६५ वर्षे होते.

मूल्यमापन

कॅप्लन यांच्या उपचाराने बरे झालेले रुग्ण दीर्घायुषी झाल्यावर मोठ्या मात्रेच्या प्रारणाचे उशिरा दिसणारे परिणाम उघड झाले. तरुण वयात छातीवर प्रारण घेतलेल्या स्त्रियांत स्तनांचा कर्करोग, तसेच हृदयविकार आणि अवटू ग्रंथीची मंदता यांचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यामुळे आज हॉजकिन रोगावर बहुधा प्रथम औषधे दिली जातात. प्रारण आवश्यक असेल, तर ते लहान क्षेत्रावर आणि बहुधा २० ते ३० ग्रे मात्रेत दिले जाते. संपूर्ण मँटल क्षेत्र आणि तपासणीसाठी प्लीहा काढणे या दोन्ही पद्धती मागे पडल्या आहेत. रोग बरा होऊ शकतो, हे आधी सिद्ध झाल्यामुळेच कमीत कमी इजा करून तो कसा बरा करावा, हा पुढचा प्रश्न विचारता आला.

प्रतिकारशास्त्रातही त्यांच्या कार्याचे पडसाद टिकून आहेत. हॉजकिन रोगाच्या रुग्णांची टी पेशींची प्रतिकारशक्ती दुबळी असल्याने अनेक देशांत त्यांना प्रारण दिलेलेच रक्त चढवले जाते. सुमारे २५ ग्रे मात्रेमुळे दात्याच्या टी पेशी विभाजित होऊ शकत नाहीत आणि रुग्णाच्या शरीरावर हल्ला करत नाहीत. अन्य कर्करोगांच्या प्रारणोपचारातही लसीका ग्रंथी आणि रक्तातील टी पेशी कशा वाचवाव्यात, याचा अभ्यास आता केला जातो. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या एका उपजातीच्या नावात, सी५७ ब्लॅक केए या संज्ञेत, कॅप्लन यांच्या आडनावाची आद्याक्षरे आजही आहेत.